बोकडाच्या मोलाची भज्जी

निघायच्या आदल्या दिवशी मी पुण्याच्या मंडईत गेले आणि हिरवं म्हणून जे दिसलं ते घेत सुटले. तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, वाल, मेथीच्या जुड्या, पातीचा कांदा, वर चार गाजरं. भाजीवालीने विचारलं, "घरी कार्य आहे का?" म्हटलं, "येळवस आहे." तिच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. पुण्यात येळवस कुणालाच ठाऊक नसते, आणि लग्न होऊन इथं आल्यापासून दर साली मला त्याचा नव्याने राग येतो.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. ऐन थंडीत येते. त्या दिवशी आमच्याकडे गावं ओस पडतात, कारण झाडून सगळे आपापल्या शेतात जातात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून लहानशी खोप (झोपडी) करायची, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडायचे, त्यांची पूजा करायची आणि मग जेवायचं. जेवण म्हणजे भज्जी. तळलेली भजी नव्हेत. शेतात त्या दिवसांत जे जे हिरवं उभं असतं ते सगळं एका भांड्यात शिजवून, त्यात ताकात कालवलेलं बेसन सोडून केलेली दाट भाजी. सोबत मडक्यात आंबवलेली ज्वारीची आंबील, बाजरीचे उंडे (वाफवलेले गोळे), गव्हाची खीर. मटणाचं त्या दिवशी नावसुद्धा काढायचं नाही.

आमचे यजमान साताऱ्याकडचे. मटण नसलेला सण त्यांना सण वाटतच नाही. पुण्यात मटण महाग आणि भाजी स्वस्त, म्हणून मटण सणाचं आणि भाजी रोजची, असा त्यांचा सरळ हिशेब. "भाजी खायला कुणी दोन दिवसांचा प्रवास करतं का?" असं म्हणत त्यांनीच मला स्टेशनवर आणून सोडलं.

आईवडील गेल्यावर माहेरचं शेत चुलत्यांकडे गेलं होतं. मला जायला उरलं होतं ते एकच शेत, माझ्या थोरल्या बहिणीचं. अक्काचं गाव तेरणा नदीच्या काठाला, माकणीच्या वरच्या अंगाला. गावाकडून आलेल्या एका बाईने सांगितलं होतं, "औंदा तुमच्या अक्काची येळवस होतीया का न्हाय, द्येव जाणे." साल बहात्तरच्या दुष्काळाचं. त्या एका वाक्याने मला राहवेना.

कुर्डुवाडीला गाडी बदलली. इथून पुढे छोटी गाडी. ती इतकी सावकाश जाते की चढावर पोरं उतरून तिच्याबरोबर चालतात आणि पुन्हा चढतात. पण त्या दिवशी कुणी खेळत नव्हतं. समोरून येणारी गाडी बोचकी, तवे, घमेली आणि माणसांनी भरलेली होती. सगळे पुण्या-मुंबईच्या वाटेला. आमच्या डब्यात मात्र ऐसपैस जागा, आणि उलट्या दिशेने भाजी घेऊन निघालेली मी एकटी.

बार्शीला एक म्हातारे गृहस्थ समोर येऊन बसले. डोक्याला रुमाल, हातात काठी. बकऱ्यांचा व्यापार करत होते. बसल्या बसल्या माझ्या पिशवीकडे बघून म्हणाले, "बाई, ती पिशवी मांडीवर घ्या. खाली ठिवू नका."

"चोर आहेत का गाडीत?"

"चोर न्हाईत, बकऱ्या हाईत. फुडल्या ठेसनावर चढतील. मेथीचा वास लागला तर तुमाला बी खातील."

मी पिशवी उचलून घेतली आणि धंदा कसा चाललाय ते विचारलं. ते हसले. "धंदा कसला? चारा न्हाय, म्हून समदेच इकायला काढतेत. मालकच म्हनतोय, चाचा, घेऊन जावा, डोळ्याम्होरं मरायला नको. आता बघा, डाळ-गूळ-बेसन घेऊन सन करायचा म्हनलं तर जेवढं पैशे जातेत, तेवढ्यात म्या दीड किलो मटन देतो, वर कलेजी. असं उलटं दिवस म्या उभ्या जिंदगीत देखलं न्हाईत."

"मग लोकांची चैनच म्हणायची."

"मटनाला तेल-मसाला लागतोय, बाई. आनि आपल्याच दावनीचं जनावर, त्याचं मटन गोड लागत न्हाय." एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. पाला ओरबाडलेले कडुलिंब आणि काळी, भेगाळलेली रानं.

मी ढोकीला उतरले. साखर कारखान्याचं धुराडं लांबूनच दिसलं, पण धूर नव्हता. ऊसच नाही तर गाळणार काय? वजनकाट्यावर उसाच्या बैलगाड्यांची रांग असायची तिथं दोन कुत्री झोपली होती. स्टॅंडवरच्या चहात दूध कमी आणि रंग जास्त होता. तिथून एस.टी.ने उस्मानाबाद, ज्याला आमची जुनी माणसं धाराशिवच म्हणतात, आणि तिथून लोहाऱ्याची गाडी. वाटेत जागोजाग बाया-माणसं खडी फोडत बसलेली. दुष्काळी काम. बस जवळून गेली की धूळ त्यांच्यावर उडे आणि तरीही दोन-चार हात वर होत.

फाट्यावर दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, उभे होते. एरवी बैलगाडी घेऊन यायचे, आज पायी. बैलं जनावरांच्या छावणीत होती. दाजी मुळात गप्पिष्ट माणूस, पण वाटभर गप्प होते. मीच विचारलं, "दाजी, येळवस आहे ना?"

"येळवस तिथीला हायच की, शालूबाई. तिथी कुठं जायली?" म्हणाले आणि माझी पिशवी त्यांनी खांद्यावर घेतली. तिचं वजन जाणवल्यावर आत डोकावून बघितलं. बराच वेळ बघितलं.

अक्का वाळली होती. मला मिठी मारून रडेल असं वाटलं होतं, पण तिने आधी पिशवीत हात घातला आणि वालाची एक शेंग नाकाला लावली. मग रडली. मलाही रडू आलं. आईच्या हाताला येळवशीच्या दिवसांत हाच वास असायचा.

घरात पाणी नव्हतं, म्हणून आम्ही दोघी घागरी घेऊन नदीवर निघालो. निघताना पिशवी ठेवायची होती. आमच्याकडे हिरवी भाजी ठेवायची जागा ठरलेली, गोठ्यातल्या रांजणापाशी. तिथली जमीन पाणी झिरपून गार असते, भाजी दोन-दोन दिवस टवटवीत राहते. आईने तेच केलं, अक्का तेच करते, मीही डोळे झाकून तेच केलं. रांजण या साली कोरडा आहे, तिथली जमीन घरातल्या इतर जमिनीसारखीच भुरभुरीत झाली आहे आणि त्या मोकळ्या कोपऱ्यात आता दुसरंच कुणी राहतं, हे माझ्या ध्यानात कसं यावं?

नदी म्हणजे वाळू. वाळूत पुरुषभर खोल झिरा (पाण्यासाठी खणलेला खड्डा), आणि तळाला वाटीने भरावं इतकं पाणी. अक्का खाली उतरून वाटी वाटी वर देत होती. तिथंच तिने मनातलं सांगितलं.

"शाले, ह्यांनी ठरवलंय. कुलूप लावायचं आन पुन्याला बांधकामावर जायचं. म्हनत्यात, येळवस बी करायची न्हाय. आपल्या गल्लीत बघ, ज्यांनी ज्यांनी येळवस न्हाय म्हनलं त्यांच्या दाराला कुलपं हाईत. म्या म्हनले, येळवस होऊ द्या, मग बघू. एकदा शेतात पाच दगडं मांडली, चार मानसं जेवली, की ह्येंचा पाय निघत न्हाय रानातनं. म्या वळखते ना ह्यांना."

"आणि नाही झाली तर?"

"तर मंग कुलूप." तिने भरलेली वाटी वर दिली. एक थेंबही सांडला नाही.

घरी परतलो तर गोठ्यातून कुरुमकुरुम आवाज येत होता. रांजणापाशी अक्काचा बोकड उभा होता, गावभर हिंडून आपल्या जागी परतलेला. गावात त्याला सगळे सरपंच म्हणत, कारण तो बोलावल्याशिवाय कुठल्याही घरात शिरे आणि काहीतरी खाऊनच बाहेर पडे. सरपंचांच्या तोंडात मेथीची शेवटची काडी होती. पिशवी उलटी पडली होती. शेंगा, घाटे, पात, सगळं फस्त. गाजरांचे शेंडेसुद्धा नाहीत.

मी रिकामी पिशवी उचलली. दाजी आले, त्यांनी पिशवी झटकली आणि पहिल्यांदाच हसले. "आता तर कापलंच पायजे. समदी भज्जी ह्याच्याच पोटात हाय."

अक्का हसली नाही. "येळवशीला मटन? आजवर कुनी केलंय?"

"शेतात कशाला, घरात करू," दाजी म्हणाले आणि बोटं मोडत हिशेब सांगू लागले. "डाळ बघ, बेसन बघ, गूळ बघ, तीळ, त्याल. हिरवी भाजी तर बार्शीहून येती, सोनाराकडं मिळावी आशी. आन हितं बकरं घरचं. खर्च निस्ता मिठाचा. चांगलं पोटभर खाऊ, शालूबाई आल्यात. पोरींनी कवा पोटभर खाल्लंय सांग."

हे खरं होतं. अक्काच्या दोन्ही पोरी त्या दिवशी लाल मिलोची (बाहेरदेशातून आलेल्या ज्वारीची) भाकरी आणि शाळेत वाटलेली गोड सुकडी खाऊन बसल्या होत्या. माझ्याच पिशवीने भांडण लावलं होतं.

"मटनाला शेजारच्या सोजराबाई येतील, पर माळकरी तात्या येतील का?" अक्का म्हणाली. "भज्जीला समदं गाव येतंय. आन मटन शिजवून देवाला काय दावू?"

"देवाला? रानात हाय काय औंदा? ढेकळं. ढेकळाला निवद दावायचा का?"

"दावायचा," अक्का म्हणाली. "चांगल्या साली कुनी बी दावतंय."

दाजी उठून बाहेर गेले. अक्काने आढ्याला टांगलेलं गाडगं उतरवलं. त्यात राखेत घोळवून ठेवलेलं बियाणं होतं, पुढच्या पेरणीची तूर आणि हरभरा. त्यातली मूठभर तिने सुपात घेतली, बोटाने सारखी केली, आणि थोडा वेळ बघून परत गाडग्यात ओतली. मग आंबिलीचं मडकं धुवायला घेतलं. आंबील तरी होईल, असं काहीसं पुटपुटली.

सकाळी उठले तर गोठा रिकामा. दाजी आणि बोकड, दोघेही नाहीत. लोहाऱ्याचा बाजार होता. "गेला सरपंच," अक्का म्हणाली. "खाटकाला देऊन वाटखर्चाचं बघतेत." तिने मग दिवसभर कशालाच हात लावला नाही. मी आईच्या आठवणी काढून बघितल्या, पण तिचं लक्ष दाराकडे. कोपऱ्यातल्या खिळ्याला कुलूप अडकवलेलं होतं. ते मलाही तेव्हाच दिसलं.

उन्हं कलताना दाजी आले. बोकड नव्हता. धोतराच्या सोग्यात बांधलेलं एक गाठोडं तेवढं हातात. ते त्यांनी अक्कापुढे सोडलं. पावशेर डाळ, थोडं बेसन, गुळाचा खडा, चिमूटभर तीळ, एक मेथीची जुडी आणि वालाच्या ओंजळभर शेंगा. एवढंच. अख्ख्या बोकडाच्या मोलाचं.

"बाजारात लोकं हसायलेत माज्यावर," दाजी म्हणाले. "बकरं देऊन शेंगा घेनारा पैलाच मानूस म्हनले."

अक्काने मेथीची जुडी उचलून घेतली. "तुमीच तर म्हनत हुता, मटन सस्तं पडतंय."

"पडतंयच की. हिसाब काय चुकला न्हाय माजा." आणि ते हातपाय धुवायला उठले. मग पाणी नाही हे आठवून परत बसले.

येळवशीला आम्ही शेतात गेलो. खोप म्हणजे कडब्याच्या पाच ताटांची, तीही दाजींनी कुणाकडून तरी मागून आणलेली. पाच दगड चुन्याने रंगवले. भोवती सगळी काळी ढेकळं, वर निळं आभाळ, आणि मधे ती एवढीशी खोप. लहानपणी खोपीत शिरलं की बाहेरची हिरवी ज्वारी वाऱ्याने सळसळत असायची. तो आवाज मला इतका हवासा झाला होता, की मी कान देऊन बसले होते. सोजराबाई आल्या. त्या शेजारच्या शेतातल्या. त्यांच्या घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धर्म घेतलेला. येताना फडक्यात वाळवलेली हरभऱ्याची भाजी आणली होती, मागच्या चांगल्या सालची.

"आमी दगडाच्या पाया पडत न्हाय, अक्का. जेवतो मातर," त्या म्हणाल्या.

"पाया पडू नका, पोटभर जेवा," अक्का म्हणाली आणि ती वाळकी भाजी तिने भांड्यात सोडली.

मग येळवशीची रीत म्हणून अक्का बांधावर उभी राहिली आणि तिने चारी दिशांना हाका मारल्या, "या ओ जेवाया." चांगल्या साली प्रत्येक शेतातून अशा हाका येतात आणि कुणी कुणाकडे जेवावं यावर लटकी भांडणं होतात. त्या दिवशी उत्तर कमी आलं, पण आलं. माळकरी तात्या आले, तलावाच्या दुष्काळी कामावरच्या दोन बाया आल्या. वाट्याला आली ती पळीभर भज्जी. आंबट, दाट, वाळक्या हरभऱ्याचा किंचित तुरट वास असलेली. आईची अगदी तशीच नव्हती. पण मी ती जिभेवर इतका वेळ ठेवली की सोजराबाई म्हणाल्या, "गिळा की वो बाई."

जेवणं झाल्यावर दाजींनी आंबिलीचं मडकं घेऊन शेताला फेरी घातली आणि पळसाच्या पानाने ढेकळांवर आंबील शिंपडली. फेरी पुरी करून आले तेव्हा ते निराळेच दिसत होते. खोपीची ताटं त्यांनी सोडून जुडी बांधली. "उद्या छावनीत नेतो. बैलाला घालाया," म्हणाले. अक्काने माझ्याकडे बघून नुसता पदर नीट केला. घरी आल्यावर तिने कुलूप खिळ्यावरून काढून गाडग्यात, बियाण्याच्या तळाशी, ठेवून दिलं.

मी परतले. पुढच्या साली पाऊस झाला. अक्काने पुण्याला येणाऱ्या एका माणसाबरोबर वालाच्या शेंगा पाठवल्या आणि निरोप दिला, पिशवी रांजणापाशी ठेवू नको.

ही सगळी हकिकत सांगायचं कारण, गेल्या येळवशीला मी पुन्हा तिकडे गेले होते. मधे पुष्कळ वर्षं गेली. माकणीला तेरणेवर धरण झालं आणि अक्काचं शेत पाण्यात गेलं. मोबदला मिळाला, पण शेताच्या बदल्यात शेत मिळालं नाही. दाजी ढोकीला कारखान्याच्या काट्यावर कामाला लागले आणि तिथंच भाड्याच्या खोलीत राहिले. आता धुराडं रात्रंदिवस धूर सोडतं, उसाच्या ट्रॅक्टरांची रांग हटत नाही आणि स्टॅंडवरच्या चहाला दूध असतं. भाजी ढिगाने मिळते. मटण मात्र असं महागलं आहे, की दाजी पाहुणा आल्याशिवाय आणत नाहीत. मी आले म्हणून आणत होते, पण अक्का म्हणाली, "येळवशीला?" आणि दोघंही हसली.

भज्जीचं सगळं सामान अक्काने ढोकीच्या बाजारातून विकत घेतलं. निवडताना एकदा म्हणाली, "आपल्या रानातलं कायच न्हाय बघ ह्यात." मग सकाळच्या बसने आम्ही तिघं निघालो. अक्काच्या मांडीवर भज्जीचा डबा, माझ्या मांडीवर आंबिलीचं मडकं. कंडक्टरने मडक्याकडे बघितलं, "येळवस का?" म्हणाला आणि खड्डा आला की आधीच ओरडून सांगू लागला.

पाणी लांबवर पसरलं होतं. मधे एका वाळलेल्या बाभळीचा शेंडा वर आलेला. "ती आपल्या बांधावरची," अक्का म्हणाली. दाजी पाण्याच्या काठाशी गेले. "पानी पायजे, पानी पायजे म्हनत हुतो न्हवं," एवढंच बोलले. मग धोतर वर खोचून गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरले आणि पळसाच्या पानाने पाण्यावर आंबील शिंपडली. क्षणभर पांढरे ठिपके दिसले, मग विरून गेले.

अक्काने डबा उघडला. उघडता उघडता थांबली, उठून काठाशी गेली आणि पाण्याकडे तोंड करून तिने हाक मारली, "सोजराबाई, या ओ जेवाया." सोजराबाई आता उमरग्याकडे, लेकाजवळ असतात. हे तिला ठाऊक आहे. तरी ती थोडा वेळ उभी राहिली, आणि मग येऊन तिने आम्हाला वाढलं. भज्जीत या वेळी काहीही कमी नव्हतं. सगळं त्यात पडलं होतं, आणि सगळं पोटभर होतं.

पुण्यात आल्यावर यजमानांनी नेहमीसारखं विचारलं, "खर्च किती आला भाजी खायला?" मी भाड्याचा आकडा सांगितला. भज्जीचा असा काही आलाच नव्हता. बोकड देऊन दाजींनी जी भज्जी आणली, ती आता कुणालाही परवडते. येळवस जवळ आली की मीही मंडईत जाते. तूर, वाल, घाटे, मेथी, सगळं स्वस्त मिळतं. हाक मारायला शेजारचं शेत तेवढं मिळत नाही.